वेदना व वेदनाशमन

शरीराच्या ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांना) इजा झाली असता किंवा इजा होण्याचा संभव असता होणाऱ्या अप्रिय संवेदनात्मक व भावनिक अनुभवाला वेदना म्हणतात. वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेल्या व २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येचा हा सारांश आहे. या व्याख्येत ‘भावनिक’ हा शब्द येण्यास बराच काळ जावा लागला. सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वेदना म्हणजे इजेच्या ठिकाणाहून मेंदूकडे सरळ जाणारा निरोप, अशीच समजूत प्रबळ होती. ती पुष्कळ बाबतींत उपयुक्त ठरली. परंतु जेथे ती अपुरी पडली तेथे समजूत बदलण्याऐवजी रुग्णाचे म्हणणेच खोटे मानले गेले. वेदनेच्या शरीरक्रियाविज्ञानाचा व वेदनाशामक औषधांचा इतिहास बऱ्याच अंशी या समजुतीच्या दुरुस्तीचा इतिहास आहे.

वेदना हा शब्द संस्कृतातील ‘विद्’ (जाणणे) या धातूपासून आला असून मुळात त्याचा अर्थ जाणीव किंवा अनुभव असा आहे. बौद्ध तत्त्वज्ञानात सुखद, दुःखद आणि या दोहोंहून वेगळ्या अशा तिन्ही प्रकारच्या अनुभवांना वेदनाच म्हटले आहे. मराठीत शब्दाचा अर्थ दुःखद अनुभवापुरता मर्यादित झाला. तथापि त्या अनुभवाचे प्रकार सांगणाऱ्या शब्दांची मराठीत वाण नाही. पोटात कळ येते किंवा मुरडा होतो, दाढ ठणकते, गळू ठसठसते, कंबरेत उसण भरते, पाठीत चमक निघते, पोटऱ्यांना गोळे येतात, छातीत जळजळते. अनुभवी चिकित्सकाला यांपैकी एका शब्दावरूनही निदानाची दिशा सुचते. ठसठस म्हटली की सुजलेल्या जागी नाडीच्या ठोक्याबरोबर वाढणारा ताण आणि कळ म्हटली की आतडे, मूत्रवाहिनी यांसारख्या पोकळ अवयवाचे आकुंचन प्रथम लक्षात येते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली मॅक्‌गिल प्रश्नावली याच तत्त्वावर आधारलेली आहे. तीत इंग्रजीतील ७८ वेदनावाचक शब्द २० गटांत लावलेले आहेत.

प्राचीन कल्पना व औषधे : आयुर्वेदात शूल हा मुख्यतः वाताच्या प्रकोपामुळे होतो असे मानले आहे. शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास जेवू घालावे आणि मद्याची सवय असलेल्या व वेदना सहन न होणाऱ्या रोग्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी वेदनेची गणना पाच संवेदनांत केली नाही. सुखाच्या उलट असलेला तो मनोविकार आहे व त्याचे स्थान हृदय होय, असे त्यांचे मत होते. हृदयाविषयीचे मत पुढे टिकले नाही, पण वेदना ही केवळ स्पर्शासारखी संवेदना नव्हे या त्यांच्या विचाराकडे विज्ञानाला दोन हजार वर्षांनी पुन्हा वळावे लागले. गेलेन (दुसरे शतक) यांनी वेदनेचा संबंध मेंदू व तंत्रिका (मज्जा) यांच्याशी जोडला. इब्न सीना (९८०–१०३७) यांनी आपल्या ग्रंथात वेदनेचे १५ प्रकार वर्णिले आहेत.

वेदनेचे कारण कळण्याच्या कितीतरी आधी तिच्यावरची औषधे माणसाला सापडली होती. डायोस्कॉरिडीझ (पहिले शतक) यांनी शस्त्रक्रियेपूर्वी मँड्रेक या वनस्पतीची मुळी घातलेले मद्य देण्याची शिफारस केली आहे. या सर्वांत अफू श्रेष्ठ ठरली. खसखशीच्या झाडाच्या कच्च्या बोंडांना चिरा पाडून निघणारा चीक वाळविला म्हणजे अफू तयार होते. ग्रीक भाषेत चिकाला ‘ओपोस’ म्हणतात. त्यापासून ‘ओपियन’, त्यापासून अरबी ‘अफ्यून’ आणि त्यापासून मराठी ‘अफू’ असा या शब्दाचा प्रवास आहे. संस्कृत ग्रंथांतील ‘अहिफेन’ म्हणजे सापाचा फेस हे नावही बहुधा ‘अफ्यून’चेच संस्कृत रूप असावे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत अफू नाही. शार्ङ्‌गधरसंहितेत ती आढळते. यावरून हे औषध अरबी व्यापाराबरोबर भारतात आले असे मानले जाते. यूरोपात टॉमस सिडनम (१६२४–८९) या इंग्रज वैद्याने अफू मद्यात मुरवून व तीत केशर, दालचिनी, लवंग घालून केलेले लॉडॅनम लोकप्रिय झाले. एकोणिसाव्या शतकात माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनला जाऊ लागली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीत चीनबरोबरच्या कापूस व अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता आणि त्यांच्याच देणगीतून मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये उभे राहिले. म्हणजे हीच अफू एकीकडे व्यसनाची, दुसरीकडे औषधाची आणि तिसरीकडे रुग्णालये बांधण्याइतक्या धनाची वस्तू होती.

दोरी आणि घंटा : फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त (१५९६–१६५०) यांच्या निधनानंतर १६६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवविषयक ग्रंथात एक प्रसिद्ध चित्र आहे. एका मुलाचा पाय विस्तवाजवळ आहे आणि पायापासून मेंदूपर्यंत एक सूक्ष्म धागा गेलेला आहे. विस्तवाचे कण त्वचेवर आदळले की हा धागा ओढला जातो आणि त्यामुळे मेंदूतील रंध्र उघडते. दोरीचे एक टोक ओढले म्हणजे दुसऱ्या टोकाची घंटा वाजावी, तसाच हा प्रकार आहे, असे देकार्त यांनी म्हटले आहे. वेदना हे ईश्वरी शासन किंवा दोषप्रकोप न राहता शरीरयंत्राचे कार्य झाले, हे या चित्राचे मोठेच यश होय. पुढील तीन शतके संशोधकांनी मुख्यतः ही दोरी शोधली आणि ती त्यांना बरीचशी सापडलीही.

चार्ल्स बेल (१८११) व फ्रांस्वा माझांदी (१८२२) यांच्या प्रयोगांवरून मेरुरज्जूच्या मागील मुळांतून संवेदना आत येतात व पुढील मुळांतून स्नायूंना आज्ञा जातात, हे सिद्ध झाले. माक्स फोन फ्राय यांनी १८९४ ते १८९६ या काळात काठीला बसविलेले घोड्याचे केस व बारीक काटे त्वचेवर टोचून स्पर्श, उष्णता, थंडी आणि वेदना यांचे बिंदू वेगवेगळे असतात, असे प्रतिपादन केले. त्यांचे समकालीन आल्फ्रेट गोल्टशाइडर यांच्या मते वेदनेचे वेगळे बिंदू नसून कोणतीही संवेदना अतितीव्र झाली की तिची बेरीज होऊन वेदना निर्माण होते. हा वाद बरीच वर्षे चालला. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये इजेची सूचना देणाऱ्या चेतनांसाठी स्वतंत्र संज्ञा योजली. इजा ओळखणारे ग्राही (उद्दीपन ग्रहण करणारी तंत्रिकांची टोके) आणि वेदनेचा अनुभव या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे त्या संज्ञेमागील सूत्र होते. ते ग्राही खरोखरीच वेगळे असतात, याचा निर्णायक पुरावा एडवर्ड पर्ल व त्यांचे सहकारी यांनी १९६७ ते १९६९ या काळात एकेका तंत्रिका तंतूचे विद्युत् आवेग नोंदवून दिला.

तंतूंच्या वेगाविषयीचे ज्ञान जोसेफ अर्लांगर व हर्बर्ट गॅसर (नोबेल पारितोषिक १९४४) यांच्या संशोधनातून मिळाले. जाड व मेदावरण असलेले तंतू आवेग जलद नेतात आणि बारीक, आवरणहीन तंतू सावकाश नेतात. वेदना दोन प्रकारच्या तंतूंतून वाहते. ‘ए-डेल्टा’ तंतूंचा वेग सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर असतो, तर ‘सी’ तंतूंचा अर्धा ते दोन मीटरच असतो. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली असता हा फरक कोणालाही अनुभवता येतो. प्रथम क्षणात लखकन तीव्र कळ येते व पाय मागे घेतला जातो. नंतर सुमारे एका सेकंदाने पसरट, ठणकणारी, नकोशी वेदना सुरू होऊन रेंगाळते. पहिली जागा दाखविते, दुसरी माणसाला बसवून पाय हातात घ्यायला लावते.

अफूपासून मॉर्फिनापर्यंत : एकोणिसाव्या शतकापर्यंत अफूचा मोठा दोष म्हणजे तिची अनिश्चितता हा होता. एका पिकातील अफू दुसरीच्या दुप्पट तेज निघे व वैद्याच्या अंदाजावर रोग्याचे प्राण अवलंबून राहत. जर्मनीतील पाडरबोर्न येथे औषधविक्रेत्याचा सहायक असलेल्या फ्रीड्रिख झेर्टर्नर (१७८३–१८४१) या तरुणाने अफूतील गुंगी आणणारा स्फटिकरूप पदार्थ वेगळा काढला व त्याचे प्रयोग कुत्र्यांवर केले. १८०५–०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखांची फारशी दखल कोणी घेतली नाही. १८१७ मध्ये त्याने स्वतःवर व तीन तरुण मित्रांवर प्रयोग केला; थोड्या थोड्या वेळाने तीन मात्रा घेतल्यावर चौघांनाही इतकी गुंगी आली की अखेर तीव्र व्हिनेगर पाजून ओकारी काढावी लागली. ग्रीक पुराणकथांतील स्वप्नदेव मॉर्फ्यूस याच्यावरून या पदार्थाला नाव मिळाले. वनस्पतीतून वेगळे काढलेले हे पहिले अल्कलॉइड (क्षारकीय गुणधर्माचे नायट्रोजनयुक्त कार्बनी संयुग) होय. मॉर्फीन हे अफूहून वेगळे औषध नव्हते. फरक एवढाच होता की आता ते वजन करून देता येऊ लागले. आधुनिक औषधिक्रियाविज्ञानाचा आरंभ या ‘एवढ्याच’ फरकातून झाला. १८२७ पासून मेर्क यांनी त्याचे उत्पादन सुरू केले व १८३२ मध्ये प्येर रॉबीके यांनी अफूतूनच कोडीन मिळविले.

१८५३ मध्ये एडिंबरोचे अलेक्झांडर वुड व ल्याँचे शार्ल प्राव्हाझ यांनी स्वतंत्रपणे अंतःक्षेपणाची पिचकारी प्रचारात आणली. जेथे टोचावे तेथील तंत्रिकेवरच औषध परिणाम करते, अशी वुड यांची समजूत होती. औषध रक्तातून सर्वत्र जाते हे लंडनचे चार्ल्स हंटर यांनी दाखवून दिले. पोटातून दिले नाही म्हणजे व्यसन लागणार नाही, असा आणखी एक भ्रम त्या काळी होता आणि तो अनेकांना भोवला. व्यसन न लावणारे मॉर्फीन शोधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास अशाच भ्रमांनी भरला आहे. १८९८ मध्ये बायर कंपनीने खोकल्यावरचे औषध म्हणून बाजारात आणलेले हेरॉइन हे त्याचे ठळक उदाहरण होय. पेथिडीन (१९३९) व फेंटानिल (१९६०) यांनी शस्त्रक्रियांत मोठी सोय केली, पण मॉर्फिनाचे गुण व दोष एकमेकांपासून वेगळे करता आले नाहीत.

ॲस्पिरिनाची कथा निराळी आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशरचे एक धर्मोपदेशक एडवर्ड स्टोन यांनी विलोची साल चाखली असता ती सिंकोनासारखी कडू लागली. दलदलीच्या जागी होणाऱ्या तापावरचा उपायही दलदलीतच उगवत असला पाहिजे, या विचाराने त्यांनी सालीचे चूर्ण सुमारे ५० रोग्यांना दिले व १७६३ मध्ये त्याचा वृत्तांत रॉयल सोसायटीस कळविला. तर्क चुकीचा असला तरी औषध खरे निघाले. १८२८ मध्ये सॅलिसीन व १८३८ मध्ये सॅलिसिलिक अम्ल मिळाले. हे अम्ल पोटाला सोसत नसे, म्हणून १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स होफमान यांनी त्याचा ॲसिटिल अनुजात शुद्ध स्वरूपात तयार केला व १८९९ मध्ये तो ॲस्पिरीन या नावाने विक्रीस आला. (या श्रेयावर त्यांचे सहकारी आर्टुर आइखेनग्रून यांनी नंतर हक्क सांगितला.) जगभर कोट्यवधी लोक ही गोळी घेत असताना ती काय करते हे सत्तर वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ते शोधून काढले. इजा झालेल्या ऊतकात प्रॉस्टाग्लँडिने ही संयुगे तयार होतात व ती वेदनाग्राहींना हळवे करतात. ॲस्पिरीन ती तयार करणाऱ्या एंझाइमाला (जीवरासायनिक विक्रियेस मदत करणाऱ्या प्रथिनाला) निकामी करते. यावरून दोन गोष्टींचा उलगडा झाला. सुई टोचल्याची वेदना ॲस्पिरिनाने कमी होत नाही, सुजलेल्या सांध्याची मात्र होते, कारण हळवेपणा असेल तेथेच ते उपयोगी पडते. तसेच प्रॉस्टाग्लँडिनेच जठराच्या अस्तराचे रक्षण करीत असल्याने या औषधाने पोटात व्रण होतात. व्हेन यांना सूने बेर्यस्ट्रम व बेंग्ट सामुएल्सन यांच्यासह १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जठराला धक्का न लावणारी याच वर्गातील औषधे नंतर आली. त्यांपैकी रोफेकॉक्सिब हृदयविकाराचा धोका वाढवीत असल्याचे आढळल्याने २००४ मध्ये मागे घेण्यात आले. डायक्लोफिनॅक या औषधाचा परिणाम तर माणसांपलीकडे गेला. ते दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन भारतातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली व कित्येक ठिकाणांहून जवळजवळ नाहीशी झाली. २००६ मध्ये पशुवैद्यकातील त्याच्या वापरावर भारतात बंदी घालण्यात आली.

तंत्रिकेतील आवेगच रोखणारी स्थानिक संवेदनाहारके हा तिसरा वर्ग होय. कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये व्हिएन्नात डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरले. त्याची जागा प्रोकेन (१९०५) व लिडोकेन (१९४३) यांनी घेतली. ही द्रव्ये तंत्रिका कोशिकेत सोडियम आयन शिरण्याचे मार्ग बंद करतात.

दोरीच्या कल्पनेतील अडचणी : वेदना सरळ तारेने येत असेल, तर तार कापली की ती थांबली पाहिजे. १९११–१२ पासून असह्य वेदनांसाठी मेरुरज्जूतील वेदनावाहक पथ छेदण्याची शस्त्रक्रिया होऊ लागली. सुरुवातीला आराम पडे, परंतु अनेक रोग्यांत काही महिन्यांनी वेदना परत येई. फ्रेंच शल्यवैद्य आंब्र्वाझ पारे यांनी सोळाव्या शतकातच नोंदविले होते की, पाय कापलेला सैनिक नसलेल्या पायात वेदना होत असल्याचे सांगतो. अमेरिकन यादवी युद्धातील जखमींवर उपचार करणारे सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये या प्रकाराला आभासी अवयव हे नाव दिले. घंटा वाजत होती, पण ओढण्यास दोरीच नव्हती. अशा रोग्यांना ढोंगी किंवा भ्रमिष्ट ठरविणे हा सोपा मार्ग होता व तो पुष्कळदा स्वीकारला गेला.

उलट प्रकारची नोंद अमेरिकन भूलतज्ञ हेन्री बीचर यांनी दुसऱ्या महायुद्धात केली. इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमा झालेल्या सैनिकांना त्यांनी वेदनाशामक हवे का, असे विचारले. सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हणून सांगितले. हे सैनिक शुद्धीवर होते व शीर शोधताना दोनदा टोचले तर तक्रारही करीत होते. जखम म्हणजे रणभूमीवरून सुटका, हा तिचा अर्थ त्यांच्या वेदनेत सामावलेला होता, असा बीचर यांनी १९४६ मध्ये निष्कर्ष काढला. इजा किती व वेदना किती यांचे सरळ प्रमाण नाही, हे यामुळे टाळता न येण्याइतके स्पष्ट झाले.

मेलझॅक व इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिक पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या द्वार-नियंत्रण सिद्धांताने या सर्व निरीक्षणांना एकत्र जागा दिली. त्यांच्या मते मेरुरज्जूच्या पश्चशृंगात वेदनेचा निरोप जसाच्या तसा पुढे जात नाही. तेथे एक प्रकारचे द्वार असते. बारीक तंतूंतील आवेग ते उघडतात, स्पर्श व दाब नेणाऱ्या जाड तंतूंतील आवेग ते बंद करू पाहतात आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या आज्ञाही त्याचे नियमन करतात. लागलेली जागा चोळावी किंवा तिच्यावर फुंकर घालावी, हे प्रत्येक आई मुलाच्या बाबतीत करीत आली आहे. या उपायाला प्रथमच शास्त्रीय कारण मिळाले. सिद्धांतात कल्पिलेल्या तंत्रिका जोडण्यांचे काही तपशील पुढे चुकीचे ठरले. तरीही निरोपाचे वाटेतच नियमन होते हे मुख्य तत्त्व टिकले व त्वचेवरून सौम्य विद्युत् प्रवाह देऊन वेदना कमी करण्याची उपकरणे त्यातून निघाली.

मेंदूकडून खाली आज्ञा येतात याचा प्रत्यक्ष पुरावा १९६९ मध्ये डेव्हिड रेनल्ड्‌स यांनी दिला. मध्यमस्तिष्कातील एका भागास विद्युत् उद्दीपन दिले असता उंदरावर शुद्धिहारक न देता पोटाची शस्त्रक्रिया करता आली. १९७३ मध्ये कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी, तसेच एरिक सायमन व लार्स टेरेनियस यांनी स्वतंत्रपणे, मेंदूत अफूजन्य द्रव्यांचे ग्राही असल्याचे दाखविले. खसखशीच्या बोंडातील रेणूला बसणारे कुलूप सर्व पृष्ठवंशी प्राण्यांच्या मेंदूत कशासाठी असावे, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला. त्याचे उत्तर ॲबर्डीन येथे जॉन ह्यूझ व हान्स कोस्टर्लिट्झ यांना डुकरांच्या मेंदूत सापडले. कत्तलखान्यातून आणलेल्या मेंदूंच्या अर्कातून त्यांनी १९७५ मध्ये एन्केफॅलिने ही केवळ पाच ॲमिनो अम्लांची दोन संयुगे वेगळी केली. लवकरच एंडॉर्फिने व डायनॉर्फिने यांचाही शोध लागला. मॉर्फीन हे शरीराच्याच वेदनाशामकांची नक्कल करते, असा याचा अर्थ झाला. १९७८ मध्ये जॉन लेव्हाइन, न्यूटन गॉर्डन व हॉवर्ड फील्ड्‌स यांनी दाढ काढलेल्या रोग्यांवरील प्रयोगात असे दाखविले की, औषध नसलेल्या औषधाने वाटणारा आराम नॅलोक्सोन या मॉर्फीनविरोधी द्रव्याने नाहीसा होतो. ‘नुसते मनाचे खेळ’ म्हणून ज्याची संभावना होई, त्यालाही रासायनिक आधार आहे, हे त्यामुळे मान्य झाले.

पुढील काळात नियमनाची दुसरी बाजू, म्हणजे वेदना वाढविणारी यंत्रणा, उघड झाली. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये दाखविल्याप्रमाणे तीव्र इजेनंतर मेरुरज्जूतील कोशिकाच अतिसंवेदनशील होतात व मग साधा स्पर्शही दुखू लागतो. जखम भरल्यावरही वर्षानुवर्षे राहणाऱ्या काही वेदनांचा उलगडा यातून झाला. अशा तंत्रिकाजन्य वेदनांवर ॲस्पिरीन निरुपयोगी ठरते, तर मुळात अपस्मारासाठी किंवा विषण्णतेसाठी तयार केलेली औषधे उपयोगी पडतात. आभासी अवयवाचा संबंध मेंदूत बदलणाऱ्या शरीराच्या नकाशाशी असल्याचे दिसून आले. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० नंतरच्या दशकात साध्या आरशाच्या पेटीने काही रोग्यांना आराम देऊन दाखविला. ग्राहींच्या पातळीवर डेव्हिड ज्यूलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मिरचीतील तिखटपणा आणणाऱ्या कॅप्सेसीन या द्रव्याचा ग्राही ओळखला. हाच ग्राही सुमारे ४३° से. पेक्षा अधिक उष्णतेनेही उद्दीपित होतो. तिखटाने तोंड ‘पोळते’ हा शब्दप्रयोग त्यामुळे शब्दशः खरा ठरतो. ज्यूलियस यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वेदना नसती तर काय झाले असते, याचे उत्तर निसर्गाने क्वचित दिले आहे. उत्तर पाकिस्तानातील तीन कुटुंबांत जन्मतः वेदना न जाणवणारी मुले आढळली. त्यांच्या अभ्यासास कारण झालेला मुलगा निखाऱ्यांवर चालण्याचे व हातात सुरी खुपसण्याचे खेळ रस्त्यावर करून दाखवीत असे. वयाची चौदा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच तो छपरावरून उडी मारून मरण पावला. इतर मुलांच्या ओठांना व जिभेला स्वतःच्याच दातांनी इजा झालेल्या होत्या. वेदनाग्राहींतील एका सोडियम मार्गाच्या जनुकात दोष असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच गटातील दुसरा मार्ग रोखणारे व व्यसन न लावणारे सुझेट्रिजीन हे औषध जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

वेदनेची दखल : बोलून सांगता येत नाही त्याची वेदना खरी मानावी की नाही, हा प्रश्न अर्भकांच्या बाबतीत फार उशिरा सुटला. नवजाताचे तंत्रिका तंत्र अपक्व असल्याने त्याला वेदना जाणवत नाहीत व शुद्धिहरण त्याला सोसणार नाही, अशा समजुतीने १९८० नंतरच्या दशकापर्यंत पाश्चात्त्य रुग्णालयांतही अकाली जन्मलेल्या बालकांवर मोठ्या शस्त्रक्रिया पुरेसे वेदनाशामक न देता, कित्येकदा केवळ स्नायू शिथिल करून होत असत. भारतीय वंशाचे कन्वलजीत आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखविले की, फेंटानिल दिलेल्या बालकांच्या शरीरावर पडणारा ताण कमी असतो व शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही कमी होतात. २०२० च्या व्याख्येच्या टिपणांत, बोलता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे.

कर्करोगाच्या वेदनांविषयी नवी दृष्टी सिसिली सॉन्डर्स यांनी दिली. लंडनमध्ये १९६७ मध्ये स्थापन केलेल्या सेंट क्रिस्टोफर शुश्रूषागृहात त्यांनी मॉर्फीन वेदना उसळण्याची वाट न पाहता ठराविक वेळाने तोंडावाटे देण्याची पद्धत रूढ केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेली पायऱ्यांची पद्धत (प्रथम ॲस्पिरीन वर्गातील, मग कोडीन वर्गातील व शेवटी मॉर्फीन वर्गातील औषध) हिचा पाया हाच होता. अमेरिकेत याचा अतिरेक झाला. १९८० मधील एका पाच वाक्यांच्या पत्रात ११,८८२ रुग्णालयीन रोग्यांपैकी केवळ चौघांना व्यसन लागल्याची नोंद होती. ते पत्र घरी दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांनाही लागू असल्यासारखे उद्‌धृत केले गेले आणि १९९६ पासून ऑक्सिकोडोनाच्या विक्रीला त्याचा आधार मिळाला. परिणामी पुढील दोन दशकांत लाखो लोक मृत्युमुखी पडले.

भारतात नेमके उलट घडले. चिरा पाडून मिळविलेली अफू कायदेशीररीत्या पिकवून औषधांसाठी निर्यात करणारा भारत हा जवळजवळ एकमेव देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश यांत परवान्याने तिची लागवड होते आणि गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांत ती शुद्ध केली जाते. असे असूनही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कठोर शिक्षा व प्रत्येक खरेदीसाठी निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने यांमुळे औषधविक्रेत्यांनी व रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. १९९७ मध्ये एवढ्या मोठ्या देशात अवघे १८ किग्रॅ. मॉर्फीन औषध म्हणून वापरले गेले. एका संपूर्ण पिढीतील डॉक्टर ते लिहून देण्यास न शिकताच बाहेर पडले. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले शांती अवेदना हे देशातील पहिले शुश्रूषागृह आणि १९९३ पासून कोझिकोडे येथे उभी राहिलेली वेदनाशमन व परिहारक सेवा या अपवादात्मक संस्था होत. शांती अवेदनाचे कार्य पुढे गोव्यातही सुरू झाले. कोझिकोडेच्या कामातील एक प्रमुख भूलतज्ञ एम. आर. राजगोपाल व इतर चिकित्सक यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन या सहा औषधांना आवश्यक अमली औषधे असा स्वतंत्र दर्जा मिळाला. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवण्यासाठी आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच संमती पुरते.